पावलांचा चढ

"आजोबा, रागावू नका. पण तुम्ही आत आलात की यांचे ठोके वाढतात. तुम्ही जरा बाहेरच बसा."

सिस्टरनं हे अगदी साधेपणानं सांगितलं, वारा येतोय तेवढी खिडकी लावा असं सांगावं तसं. गणपतीनं खाटेच्या डोक्याशी असलेल्या पडद्याकडं पाहिलं. हिरवी रेघ उड्या मारत पळत होती आणि तिच्या शेजारचा आकडा चढत होता. तो दारात आला तेव्हा ऐंशीच्या आसपास होता, आता शंभराला टेकला होता. तानूबाई डोळे मिटून पडली होती. नाकात नळी, हाताला सलाईन, कपाळावरचं जुनं गोंदण घामानं ओलं झालेलं. ती बोलली नव्हती, हललीही नव्हती. तरी आकडा चढला होता. गणपतीनं तिच्या पायाकडं पुढं केलेला हात मागं घेतला आणि तो मुकाट्यानं बाहेर आला. दुसरा कुणी असता तर भांडला असता. बायकोजवळ बसायचं नाही तर काय तुमच्या फाटकावर बसू काय, असं ओरडून त्यानं चार माणसं गोळा केली असती. कोल्हापूरच्या दवाखान्यांना त्याची सवय आहे. पण गणपतीला सिस्टरचं म्हणणं पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा ते त्याच्या ओळखीचं निघालं. हेच वाक्य त्याला पूर्वी एकदा एका शहाण्या, भल्या माणसानं सांगितलं होतं, हसत हसत, पाठीवर थाप मारून. आणि त्या दिवशी तो उचगावच्या घरापर्यंत सायकल मारत गेला होता तो जणू हवेतून.

बाहेर भिंतीला लागून लांब बाक होतं. त्यावर शाहूवाडीकडचा एक शेतकरी, केरबा, दोन दिवस मुक्काम टाकून होता. त्याचा भाऊ आत होता. गणपती बसल्याबरोबर त्यानं पाय आवरले.

"काय वं पावणं, लगीच भाईर?"

"सिस्टर म्हणली, मी गेलो की मंडळींचं ठोकं वाढत्यात."

"वाढणारच की! आमची मला बघितली की सगळंच वाढतंय तिचं. ठोकं, बीपी, आवाज." केरबा स्वतःच हसला, मग गणपतीच्या तोंडाकडं बघून थांबला. "न्हाई, चेष्टा केली. बसा. आत बाई माणूस हाय न्हवं कुणी?"

"लेक हाय."

"मग झालं तर."

मग झालं, असं गणपतीनंही मनाशी म्हटलं, आणि काहीच झालं नव्हतं हे त्याला माहीत होतं. सकाळी डॉक्टरांनी कागदावर एक हृदय काढून दाखवलं होतं, वांग्यासारखं, आणि त्याच्यावरून उतरणाऱ्या एका नळीवर फुली मारली होती. ही नळी बंद झालीय, म्हणाले, हृदयाचा एवढा भाग उपाशी आहे, त्याला जपायचं, ताण द्यायचा नाही. लेक रूपाली रडत रडत विचारत होती, म्हणजे काय, म्हणजे काय. गणपतीनं काही विचारलं नाही. फुलीच्या पलीकडं काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. तांबडं लाल, चमकणारं, हातात धडपडणारं मांस हळूहळू जांभळट होतं, पावसाळी ढगासारखं, आणि बाकीचं हृदय उड्या मारत असताना तेवढा तुकडा गप्प राहतो. नुसता ओढला जातो इकडून तिकडं. मेडिकल कॉलेजातल्या नोकरीत त्यानं ते इतक्या वेळा पाहिलं होतं की डॉक्टरांचं बोट कागदावर फिरत होतं आणि त्याला कागदाखाली ते दिसत होतं; फक्त या वेळी ते मांस तानूचं होतं, आणि हे डोळ्यांपुढून काढायला तो जिन्यात जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला होता.

कॉलेजात तो शिपाई म्हणून लागला आणि फिजिऑलॉजी विभागात गेला तो योगायोगानंच. तिथं कुत्री धरणारा माणूस टिकत नव्हता. कॉलेजच्या मागच्या अंगाला, बाभळीच्या झाडांखाली पिंजरे होते. गावातली मोकाट कुत्री तिथं यायची, त्यांना खाऊपिऊ घालून तगडी करायची, पट्टा लावून वर प्रयोगशाळेत न्यायची आणि टेबलावर धरायची. धरायचं म्हणजे जबरदस्ती नव्हे, ते तो पहिल्याच आठवड्यात शिकला. कुत्रं तुमच्या अंगाला टेकलं पाहिजे. त्याचा ऊर तुमच्या दंडावर आला पाहिजे, मग ते सुईकडं बघत नाही, तुमच्याकडं बघतं. कुत्र्याच्या आणि माणसाच्या हृदयात फार फरक नाही, रक्त तसंच फिरतं, असं हेरवाडे सर पोरांना शिकवायचे. सर हृदयाचंच काम करायचे. त्यांचे वडील पस्तिशीत, जेवताना, हातात घास असताना गेले होते; सरांनी ते एकदाच सांगितलं होतं, पुन्हा कधी नाही. माणूस वाईट नव्हता. प्रयोग संपला की ते स्वतः कुत्र्यावर पांढरं फडकं टाकायचे आणि मगच हातमोजे काढायचे.

गणपतीच्या घरात मात्र या नोकरीला नाव नव्हतं. उचगावात कुणी विचारलं तर तानूबाई सांगायची, कॉलेजात हायत. रविवारी विहारात वंदनेला उभं राहिलं की पहिलंच शील प्राण्याला न मारण्याचं. सगळे एका सुरात म्हणायचे आणि गणपतीचा आवाज त्या एका ओळीपुरता घशात राहायचा, ओठ तेवढे हलायचे. पुढच्या ओळीपासून तो पुन्हा सगळ्यांत मिसळायचा. तानूबाईनं हे कधी टिपलं कुणास ठाऊक. एकदा परत येताना वाटेत म्हणाली, "तुम्ही मारत न्हाईसा. तुम्ही धरता."

"धरणारा काय कमी असतोय?"

"ते मला इचारू नका. मी आपली भाकरी थापती." आणि थोडं पुढं गेल्यावर, त्याच्याकडं न बघता, "पर म्हणत जावा मोठ्यानं. न म्हटल्यानं काय जितं हुईत न्हाईत ती."

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास सरांनी वेगळं काम सुरू केलं. आजवर कुत्रं गुंगीत असायचं आणि गुंगीतल्या हृदयाचं खरं मानता येत नाही, असं सरांच्या मनानं घेतलं होतं. जागं कुत्रं पाहिजे, शांत पडलेलं, कुणी न दाबता. म्हणजे मग हृदय स्वतःसाठी किती रक्त घेतं ते कळेल. त्यासाठी एका कुत्रीची निवड झाली. उदी रंगाची, एक कान मोडून खाली आलेला, अंगानं बेताची. तिची छाती उघडून हृदयाच्या त्या नळीभोवती एक बारीक कडं बसवलं, त्याची तार कातड्याखालून मानेवर बाहेर काढली, आणि जखम भरेपर्यंत तिला गणपतीच्या हवाली केलं. नावं ठेवायची नाहीत असा तिथं रिवाज होता. गळ्यात नंबराचा बिल्ला असायचा तेवढाच. गणपतीनंही नाव ठेवलं नाही. पण जखमेवर औषध लावताना काहीतरी म्हणावं लागतं. तो म्हणायचा, थांब बाई, झालं बाई, चल बाई. ते बाईच राहिलं. हे घरी सांगितलं तर तानूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "लगीन होऊन इतकी वर्सं झाली, मला कवा बाई म्हटला न्हाईसा. तानेऽ म्हणून वरडतासा."

बाईला शांत पडायला शिकवणं हे गणपतीचं काम. टेबलावर घोंगड्याचा तुकडा, त्यावर ती, तिच्या पाठीवर त्याचा हात. आधी ती उठायची, मग अर्धी उठायची, मग नुसती मान उचलायची. पुढं पुढं ती स्वतःहून चढून कुशीवर पडायची, मोडका कान घोंगड्याला लावून, आणि तो तिच्याजवळ स्टुलावर बसून राहायचा. त्याच्या सगळ्या जन्मात कुणाजवळ नुसतं बसून राहायचा पगार त्याला तेवढाच मिळाला. मग तार यंत्राला जोडायची. कागदाची गुंडाळी सुटायची, त्यावर शाईची बारीक टोकं थरथरत चालायची, आणि बाईच्या काळजातलं रक्त कागदावर रेघ होऊन उतरायचं.

एका सकाळी सरांनी एकट्यानंच सुरुवात केली होती. गणपती सायकल लावून जिना चढून आला तर सर कागद हातात धरून उभे. "तू आत्ता आलास?" "व्हय सर." "त्याच्या आधी दाराशी आला होतास?" "न्हाई की." सरांनी कागद दाखवला. रेघ सपाट चाललेली आणि मग एकदम चढलेली, कात्यायनीच्या डोंगरासारखी, आणि वर टिकलेली. दार उघडायच्या पुष्कळ आधी. सरांनी मग तो दिवस तेवढंच केलं. दुसऱ्या शिपायाला जिन्यावरून चालत आणलं. रेघ सपाट. एका विद्यार्थ्याला गणपतीच्या चपला घालून आणलं. रेघ किंचित हलली आणि खाली बसली, जणू फसल्याची लाज वाटली. मग गणपतीला खाली पाठवलं, आणि तो जिन्याच्या वळणाशी पोचला तोच वर चढ आला. सर हसत हसत दारात आले. "गणपती, तू आलास की हिचे ठोके वाढतात. तू जवळ असताना मला हिचं खरं शांत हृदय कधी मिळायचंच नाही. रोज पहिलं माप होईपर्यंत तू खाली सायकलींपाशी बसायचंस." आणि पाठीवर थाप. पोरं त्या रेघेला 'गणपतीचा चढ' म्हणायला लागली.

तेव्हापासून बाहेर बसायचं कसं ते त्याला येत होतं. एक काळीज वर शांत पडावं म्हणून आपण खाली हलायचं नाही, खोकायचं नाही, सायकलची घंटी वाजू द्यायची नाही. आता या बाकावर तो तसाच बसला होता. केरबानं शेंगा पुढं केल्या तर सालांचा आवाज होईल म्हणून त्यानं नको म्हटलं, आणि मग स्वतःलाच वाटलं, दोन दारांच्या आत तिला काय ऐकू जाणार? पण बाईला जायचं.

त्या चढावरून त्यानं सरांना एक प्रश्न विचारला होता, तो विचारला नसता तर बरं झालं असतं. आठ दिवस तो त्या रेघेच्या जोरावर वावरला होता. मग एके दिवशी घोंगडं झटकता झटकता म्हणाला, "सर, म्हंजे तिला आनंद हुतोय न्हवं?" सरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "ते कागदाला कळत नाही, गणपती. आनंद झाला तरी रक्त असंच चढतं आणि भीती वाटली तरी असंच. दोन्ही चढ एकसारखे." खोटं बोलून एखाद्याला खूश करायची सरांना सवय नव्हती. गणपती त्यांच्यावर कितीतरी दिवस मनातून रुसून होता. शेपूट हलवते ते काय भीतीनं? मग त्याच्या ध्यानात यायचं, की पिंजऱ्यापाशी तो आला की बाकीची कुत्रीही शेपट्या हलवायची, आणि त्यांतलं ज्याला तो पट्टा लावी ते पुन्हा खाली येत नसे. बाकीची हे बघत होतीच. बाईचीही छाती उघडली त्या दिवशी तिला वर त्यानंच नेलं होतं, आणि शुद्ध आली तेव्हा पहिलं तोंड त्याचंच दिसलं होतं. त्याच्या पावलांत तिला काय काय ऐकू येत असेल याचा हिशेब त्याला लागत नव्हता.

तानूबाईला हे सांगितलं तेव्हा ती खदखदून हसली होती. "माझ्या काळजात बी घाला की तसली तार. सपाट गावंल बघा, उचगावच्या माळागत!" आणि तो म्हणाला होता, तुझं काळीज हाय कुठं जाग्यावर. अशी चेष्टा झाली होती. आता तार घातली होती. छातीवर चिकटवलेल्या त्या तीन गोल चकत्या, आणि त्यांतून आलेल्या तारा. आणि सपाट नव्हतं. तो दारात आला आणि चढ आला. इतक्या वर्षांनी त्याला उत्तर मिळालं होतं आणि ते वाचता येत नव्हतं.

कारण त्याच्या पावलांचं तानूबाईलाही कळायचं. हे त्याला आत्ता, या बाकावर, इतक्या उशिरा सुचत होतं. नोकरीची सगळी वर्षं तो घरी पोचला की चहा उकळत असायचा. झालेला नव्हे, होणार नव्हे, नेमका उकळत. कॉलेजातून सुटायची त्याची वेळ कधी एक नव्हती. कधी प्रयोग लांबायचा, कधी सायकल पंक्चर व्हायची, कधी तो टेंबलाईच्या चढावर उगाच बसून यायचा. तरी चहा उकळत असायचा. म्हणजे गल्लीच्या तोंडाला सायकलची साखळी वाजली की ती उठत असणार, पाणी टाकत असणार. त्यानं कधी विचारलं नाही. बशीत ओतून प्यायला आणि कप सरकवला. बाईचा चढ सापडला म्हणून जो माणूस आठ दिवस हवेत तरंगला, त्याच्या घरात रोज संध्याकाळी एक चढ येत होता आणि त्यानं त्याला साखर कमी पडलीय म्हटलं होतं.

पण दुसऱ्याही संध्याकाळी होत्या. ज्या दिवशी वर कुत्रं संपायचं त्या दिवशी तो घरी बोलायचा नाही. अंगाला वास नसायचा तरी दोनदोनदा हात धुवायचा. रूपाली लहान होती, अंगावर यायला बघायची, तर तिला हातानं दूर ठेवायचा. एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं ताट भिंतीवर मारलं होतं, आणि तानूबाई पोरीला घेऊन शेजारी गेली होती. परत आली तेव्हा म्हणाली, "तुमच्या पायावरनं कळतंय मला, आज काय करून आलाईसा ते. जिवाचं पाणी हुतंय माझ्या. तेवढं त्या दिवशी जरा थांबून येत जावा." साखळी वाजली की ती उठत होती, पण चहा टाकायला का पोर आत घ्यायला, हे साखळीवरून तिलाच कळत होतं. मग आज दारात त्याचं पाऊल वाजलं तेव्हा मिटल्या डोळ्यांआड तिनं कुठली संध्याकाळ ऐकली?

बाईचा शेवटचा दिवसही तसाच उजाडला होता. तिच्या नळीभोवती कड्याबरोबर एक दोराही आधीच सोडलेला होता. त्या दिवशी तो ओढायचा होता, गुंगी देऊन, आणि नळी बंद झाल्यावर हृदयाचं काय होतं ते बघायचं होतं. त्यानंतर तिला उठवायचं नव्हतं. गणपतीनं रजा मागितली. सर म्हणाले, घे, पण मग तिला धरायला अनोळखी माणूस लागेल आणि ती घाबरेल, तुझ्यावर सोडतो. तो आला. सायकलींपाशी बसला. वरून हाक आल्यावर जिना चढला. मुद्दाम हळू चढला, दुसऱ्याच कुणाचे पाय असल्यासारखा. वर गेल्यावर त्यानं पहिलं कागदाकडं पाहिलं, आणि चढ आला होता. रोजच्यासारखाच, रोजच्याएवढाच. काहीही कमी नाही. तिनं मान उचलली, मोडका कान घोंगड्यावरून सुटला, आणि सुई टोचताना तिची हनुवटी त्याच्या मनगटावर होती. पुढचं सगळं त्यानं पाहिलं, जांभळं होताना पाहिलं, सरांनी फडकं टाकताना पाहिलं. पुढं पाचसहा वर्षांनी नवे कायदे आले, पिंजरे उतरवले, गणपतीची बदली ग्रंथालयात झाली आणि तिथूनच तो निवृत्त झाला. त्या रोजच्याएवढ्याच चढाचं त्याला काय करावं ते कधी कळलं नाही. भीती असती तर त्या दिवशी जास्त चढली असती, असं तो कधी मनाला सांगायचा. आणि मग मन सांगायचं, तिला रोजच शेवटचा दिवस वाटत असला तर?

उन्हं कलल्यावर रूपाली बाहेर आली. तिच्या तोंडावर आता रडं नव्हतं, उलट थोडं हसू होतं.

"आबा, आई बोलली. डोळं उघडलं की पयल्यांदा तुमचंच नाव. म्हणती, तुझा आबा कुठं गेला? कुत्र्यांच्याकडं गेला व्हय?"

गणपतीनं मान वर केली. तोही हसला. "मग? तू काय म्हटलीस?"

"म्हटलं बाहेर हायत. तर म्हणती, बाहेर हाय तर आत यायला काय झालंय? पाय धरल्यात व्हय कुणी? चला तुम्ही."

तो उठला. दोन पावलं गेला. मग थांबला. "ठोकं किती हायत?"

"मला काय म्हाईत? ऐंशीच्या खाली असतील. सिस्टर म्हणली, चांगलं हाय."

"मग न्हाई येत मी. बसलंय खाली तर बसू दे." तो परत बाकाशी आला. "हे बघ रूपे, नळी बंद हाय. ठोकं वाढलं की तेवढंच रक्त जास्त मागतंय काळीज, आन् द्यायला रस्ता न्हाई. मी बघितलंय. एक दिवस जाऊ दे. तिला सांग, उद्या सकाळी येतो म्हणावं, जरा घट्ट झाल्यावर."

"आबा, तुम्ही डॉक्टर हाय का?"

"न्हाई."

"मग कुत्र्याचं आईला कशाला लावता? ती माणूस हाय. वाट बघती ती. वाट बघून वाढत न्हाईत का ठोकं?"

वाट बघण्याचं माप सरांनी घेतलं नव्हतं. तो खाली सायकलींपाशी बसायचा तेव्हा वरची रेघ सपाट असायची, सगळे त्याला शांत हृदय म्हणायचे, आणि ते शांत होतं का नुसतं वाट बघत होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. पण डोळ्यांपुढं ते जांभळं मांस आलं आणि त्यानं मान हलवली. "सांग तिला, हाय म्हणावं हितंच. हललेला न्हाई म्हणावं."

केरबा इतका वेळ ऐकत होता. रूपाली आत गेल्यावर म्हणाला, "जायचं हुतं पावणं. बाई माणूस हाक मारतंय आन् तुम्ही गणित घालत बसलाईसा."

"माझ्यानं वाढलं आन् काय झालं, तर?"

"आन् न जाता झालं तर?"

गणपतीनं पाय बाकाखाली ओढून घेतले. आत जायची इच्छा त्याच्या पायांत उतरली होती, पोटऱ्यांत कळ यावी तशी. आणि तिला दाबून बसणं हेच आपण तानूला आज देऊ शकतो असं त्याला खरोखर वाटत होतं. ताट मारणारा हात, पट्टा लावणारा हात, तो निदान आज लांब ठेवता येत होता. थोड्या वेळानं रूपालीनं दारातूनच सांगितलं, की आई बरं म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. बरं कसं म्हणाली, हे त्यानं विचारलं. रूपालीला प्रश्न कळला नाही. नुसतं बरं म्हणाली, म्हणाली.

पहाटे आत धावपळ झाली. दार सारखं उघडमीट होत होतं. एक यंत्र ढकलत नेलं, डॉक्टर चप्पल घसटत आले. मग सगळं पुन्हा शांत झालं तेव्हा फटफटीत उजाडलं होतं आणि डॉक्टर रूपालीला सांगत होते, की झटका परत आला, हृदय चालू केलंय आपण, पण मधे बराच वेळ गेला, मेंदूला रक्त पोचलेलं नाही. आता श्वासही यंत्रावर आहे. बघू. बघू म्हणताना त्यांनी गणपतीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि खांद्यावरच्या हाताचा अर्थ गणपतीला लागला. तो स्वतः कुत्र्यांच्या पाठीवर तसाच हात ठेवायचा.

तो आत गेला. कुणी अडवलं नाही. तानूबाईच्या तोंडात नळी होती, छाती वरखाली होत होती, कुणीतरी दुसराच श्वास घेत असल्यासारखी. तिचे केस कुणीतरी नीट मागं सारले होते. हिरवी रेघ चालली होती आणि आकडा होता बहात्तर. त्यानं तिच्या पायाला हात लावला. पाय गार नव्हता. "तानू," तो म्हणाला. मग वाकून, कानाशी, "आलो बघ. हितंच हुतो की." आकडा बहात्तर. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला, खरखरीत, अंगठ्याच्या मुळाशी विळ्याचा जुना वण. बहात्तर. "बाई," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकला. "ए बाई." बहात्तर.

मग तो उठला आणि बाहेर गेला. रूपालीला वाटलं, रडायला गेले. पण दार लागलं आणि लगेच उघडलं, आणि तो परत आत आला, पाऊल जमिनीवर जोरात टाकत, सायकलवरून उतरून ओसरीवर यावं तसा, घसा खाकरत. पडद्याकडं बघत उभा राहिला. पुन्हा बाहेर गेला. पुन्हा आला, याहून जोरात. पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवली. केरबा दारात येऊन उभा राहिला होता, टोपी हातात घेऊन.

"आबा, काय करताय?" रूपालीनं त्याचा दंड धरला. "आबा, बास."

कालचीच सिस्टर होती. ती जवळ आली तेव्हा गणपतीला वाटलं, आता ही आपल्याला बाहेर काढणार, आणि त्याला इतकी आशा वाटली की त्यानं पुन्हा आकड्याकडं पाहिलं. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, तानूबाईच्या उशाशी नेऊन ठेवलं, आणि अगदी मायेनं म्हणाली, "बसा आजोबा. आता बसा तुम्ही हवं तेवढा वेळ. आता काही होत नाही त्यांना."

गणपती त्या स्टुलाकडं बघत राहिला. मग त्यानं रूपालीचा हात दंडावरून सोडवला आणि पुन्हा दाराकडं चालू लागला.